तेच सात-आठ पक्षी, आणि वसंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागे छोटंसं परस आहे, त्यात एक पेरू, कुंपणाला जास्वंद आणि कोपऱ्यात गळका नळ. हिवाळ्यापासून रोज सकाळी अर्धा-पाऊण तास तिथे बसता. सुरुवातीला मजा वाटली, आता तेच सात-आठ पक्षी फिरून फिरून दिसतात. चांगली दुर्बीण घेतली, दाणे ठेवले, तर नवे पक्षी येतील का? की परसातलं पाहून संपलं, आता जंगल गाठायला हवं?

जंगलात जरूर जा. पण परसातलं पाहून संपलेलं नाही, खरं तर ते आता सुरू होतंय. जे सात-आठ पक्षी तुम्ही ओळखायला शिकलात, त्यांची वर्षातली सगळ्यात मोठी धावपळ फेब्रुवारीअखेरपासून पुढचे तीन-चार महिने तुमच्या डोळ्यांदेखत चालणार आहे. हद्द धरणं, जोडी जमवणं, घरटं बांधणं, पिल्लं वाढवणं, सगळं. तेव्हा नवा पक्षी शोधायचं काही आठवडे सोडून द्या. एक जोडी निवडा आणि तिच्याच मागे लागा. दुर्बिणीचं आणि दाण्यांचं पुढे सांगतो, पण मुख्य सांगणं एवढंच आहे.

आधी वसंतात नेमकं होतं काय ते बघू. पक्ष्यांना ऋतू कळतो तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. त्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांना पुरतो. दिवस लांबायला लागला की संप्रेरकं सुटतात आणि हिवाळ्यात आक्रसून गेलेले जननावयव अनेक पटींनी वाढतात. उडणाऱ्या प्राण्याला ते वजन बारा महिने वागवणं परवडत नाही, म्हणून ही हंगामी सोय. काही गाणाऱ्या पक्ष्यांत तर मेंदूतले गाण्याचे भागही वसंतात मोठे होतात आणि हंगाम सरला की लहान. १९८० च्या सुमारास कॅनरी पक्ष्यांवर झालेल्या संशोधनात हे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. त्यामुळे जानेवारीत कुंपणावर गप्प बसणारा दयाळ आणि मार्चमधला दयाळ, म्हटलं तर एकाच पिसांत राहणारे दोन वेगळे प्राणी. अर्थात विषुववृत्ताच्या दिशेने जावं तसा दिवसाच्या लांबीतला फरक कमी होतो आणि पाऊस, खाण्याची सुबत्ता यांचं वजन वाढतं. सुगरण पावसाचे दिवस येईपर्यंत थांबते, तांबट त्याच्या कितीतरी आधी कामाला लागलेला असतो. सगळे एकदम सुरू करत नाहीत, हे परसात बसणाऱ्याच्या पथ्यावरच पडतं.

सुरुवात दयाळापासून करा. काळाकुळकुळीत, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी उभी धरणारा नर. मादीत काळ्याच्या जागी राखाडी. दोघांत फरक करता येतो, हा नवशिक्याला मोठाच फायदा. हिवाळ्यात हा जमिनीवर पाला उलथत किडे टिपत असतो आणि फारसा बोलत नाही. मग एके दिवशी उजाडायच्या आधी तो पाण्याच्या टाकीवर, विजेच्या तारेवर किंवा झाडाच्या अगदी शेंड्यावर बसून गायला लागतो. गाणं लांबलचक, शीळ घातल्यासारखं, आणि मधूनमधून त्यात दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांचे तुकडे घातलेले.

आता एक कागद घ्या. घर, पेरू, कुंपण, शेजारची झाडं, तारा असा ओबडधोबड नकाशा काढा. नर जिथे बसून गाईल तिथे एक ठिपका. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभरात ठिपके एकमेकांना जोडून पाहा, त्याची हद्द कागदावर उमटलेली असेल. तिचा आणि तुमच्या कंपाउंडच्या भिंतीचा काही संबंध नसतो. तुमचं अर्धं परस एकाचं आणि अर्धं पलीकडच्याचं, असंही निघतं. मग ज्या ठिकाणी दोन हद्दी भिडतात तिकडे लक्ष ठेवा. दोघे नर तिथे आमनेसामने येतात, आळीपाळीने गातात, एकमेकांच्या अंगावर जातात. प्रत्यक्ष मारामारी कमी, देखावा जास्त. मादी आसपास असली की नराचा नूर आणखी बदलतो. पिसं फुगवून, चोच वर करून, शेपटी पंख्यासारखी पसरून तो तिच्यासमोर मिरवतो. हे सगळं त्याच पक्ष्याचं, ज्याच्यापुढे तुम्ही ‘रोजचाच’ म्हणून टिकमार्क केला होता.

पहाटेच का गातात, याची कारणं एकाहून जास्त आहेत. उजेड पुरेसा नसल्यामुळे किडे टिपणं अवघड, त्यामुळे गायला सवड असते. हवा स्थिर असते, आवाज दूरवर स्वच्छ पोचतो. शिवाय आपण रात्रीतून सुखरूप आहोत आणि जागा रिकामी नाही, हे शेजाऱ्यांना कळवायची हीच वेळ. तुम्ही सातला बसता, ते चालेल, पण आठवड्यातून एकदा तरी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बसा. नुसतं ऐका. कोण आधी सुरू करतं आणि कोण उशिरा, याचा क्रम साधारण ठरलेला असतो.

कान तयार करताना गाणं आणि हाक यांतला फरक धरा. गाणं लांब, बहुधा नराचं, हंगामातलं. हाका छोट्या, वर्षभराच्या, आणि त्यात धोक्याच्या हाका सगळ्यात कामाच्या. परसात मांजर शिरलं किंवा साप दिसला की बुलबुल, सातभाई, शिंपी एकच कर्कश गिल्ला करतात. तो मुद्दाम ठळक असतो, शत्रू कुठे आहे ते सगळ्यांना दाखवण्यासाठी. वरून शिक्रा, म्हणजे छोटे पक्षी धरणारा शिकारी पक्षी, गेला तर चित्र उलटं. बरेच छोटे पक्षी बारीक, उंच पट्टीतली, लांबट हाक देतात आणि चिडीचूप होतात. ती कुठून आली हे शिक्र्यालाही चटकन कळत नाही, आपल्यालाही नाही. अचानक शांतता झाली की मान वर करा. शिक्रा पाहायचा हाच खात्रीचा मार्ग.

कोकिळेबद्दल एवढंच, की उंच आवाजात ‘कुहू’ करणारा तो नर, काळा, लालभडक डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरट ठिपके, आणि तिचा आवाज ‘किक्‌-किक्‌-किक्‌’ असा घाईचा. जवळच्या झाडावर कावळ्याचं घरटं असेल तर या मादीवर नजर ठेवा. पानांआड तासन्‌तास न हलता बसते.

आता शिंजीर. जास्वंदीवर येतो म्हणता, म्हणजे जांभळा शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी, असण्याची शक्यता बरीच. हिवाळ्यात याचा नर मादीसारखाच दिसतो: वर मळकट, खाली पिवळसर, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टा. वसंताच्या तोंडावर त्याची पिसं बदलत जातात, आणि मधल्या काळात तो चक्क ठिगळं लावल्यासारखा, अर्धा पिवळा अर्धा काळा दिसतो. अनेकांना तेव्हा नवाच पक्षी सापडला असं वाटतं. पूर्ण रंग चढला की सावलीत काळा, उन्हात जांभळा-निळा. ही चमक रंगद्रव्याची नसून पिसांतल्या सूक्ष्म थरांवरून उजेड परतताना होते, म्हणून पक्षी जरा वळला की रंग पालटतो. ऊन तुमच्या पाठीमागे असेल अशा बाजूला खुर्ची टाका, नाहीतर सगळा हंगाम काळा पक्षीच पाहत बसाल.

खरं पाहण्यासारखं काम मात्र मादीचं. ती वळचणीला, खिडकीच्या कोपऱ्याला भिरभिरताना दिसेल. मध नाही, फूल नाही, तरी तिथे काय करते? कोळ्याचं जाळं काढत असते. हवेत थरथरत चोचीने जाळ्याचे धागे गोळा करते, चोचीला पांढरा पुंजका चिकटतो, आणि ती थेट एका दिशेने जाते. तुम्ही जागेवरून उठू नका, फक्त नजरेने तिच्यामागे जा. दोन-तीन फेऱ्यांत जागा कळते: लोंबती बारीक फांदी, कपडे वाळत घालायची तार, कधी व्हरांड्यातल्या दिव्याची वायर. आधी ती जाळ्याचे धागे फांदीभोवती गुंडाळून पकड तयार करते. मग त्यावर वाळकं गवत, सालीचे कपटे, पानांच्या शिरा, अळ्यांच्या लेंड्यासुद्धा चिकटवत जाते. पहिले काही दिवस घरटं म्हणजे वाऱ्यावर अडकलेला कचरा वाटतो, आणि तसाच तो वाटायला हवा. मग ती त्या लोंबत्या गोळ्यात शिरते, आतून छातीने रेटते, गोल फिरते, पुन्हा रेटते. बाहेरून पाहणाऱ्याला घरटं फुगताना दिसतं. बाजूला प्रवेशाचं भोक, त्यावर छोटीशी पडवी, आत मऊ कापसाचं अस्तर. बांधणं आणि उबवणं तिचंच. नर जवळच्या काटकीवर बसून गातो आणि दुसरा नर दिसला की हाकलतो. पिल्लं निघाली की मात्र तोही भरवायला येतो, आणि चोचीत मध नसतो, कोळी आणि किडे असतात.

यावरून एक घरगुती सूचना: मार्च ते मे वळचणीची जाळी झाडू नका. घर थोडं अस्वच्छ दिसेल. शिंजीर, शिंपी आणि इतर बऱ्याच लहान पक्ष्यांना बांधकामाला तोच धागा लागतो. शिंपी रुंद पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडून त्यांतून जाळ्याचे किंवा कापसाचे धागे ओवते, पानाची पुडी करते आणि आत घरटं घालते. शिवण इतकी बेमालूम असते, की हातभर अंतरावरून पान नेहमीचंच वाटतं. शिंप्याचा आवाज त्याच्या आकाराच्या मानाने भलताच मोठा. आवाज येतो आणि पक्षी दिसत नाही, तेव्हा गुडघ्याच्या उंचीच्या झुडपांत बघा.

घरटं दिसत नसलं तरी चोच सगळं सांगते. काडी किंवा धागा घेऊन जाणारा पक्षी बांधतोय. अळी तोंडात धरून ती न खाता, या फांदीवर त्या फांदीवर थांबत, इकडेतिकडे बघत बसलेला पक्षी पिल्लांचा पालक आहे आणि तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात. दहा पावलं मागे व्हा. चोचीत पांढरी, ओलसर गोळी घेऊन बाहेर पडणारा पक्षी दिसला तर ती पिल्लाची शी. लहान पिल्लांची शी पातळ पापुद्र्यात गुंडाळून येते, पालक ती उचलून दूर नेऊन टाकतात, म्हणजे घरट्याखाली खूण राहत नाही. आणि मादीची शेपटी एका बाजूला वाकलेली दिसली, तर ती तासन्‌तास अरुंद घरट्यात बसून उबवतेय. ही शेवटची खूण मला सगळ्यात आवडते, कारण त्यासाठी घरटं शोधावंच लागत नाही.

बुलबुलात नर-मादी आपल्याला सारखेच दिसतात. इथे आपले डोळे कमी पडत असण्याचीही शक्यता आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यांत चार, आणि त्यांना अतिनील किरणही दिसतात. युरोपातल्या ब्लू टिट या पक्ष्याच्या नर-मादीत आपल्याला फरक जेमतेम दिसतो, पण त्यांच्या डोक्यावरच्या निळ्या रंगातला अतिनील भाग वेगवेगळा असतो, हे १९९८ साली दाखवलं गेलं. तुमच्या बुलबुलांच्या बाबतीत वागण्यावरून अंदाज बांधा आणि नोंदीत ‘अंदाज’ असंच लिहा.

बुलबुलाचं घरटं बहुधा सगळ्यात आधी सापडेल, कारण ते उघडं, वाटीसारखं आणि पुष्कळदा कुंडीतल्या झाडातही असतं. दोन-तीन अंडी, उबवायला दोनेक आठवडे, आणि पिल्लं बाहेर पडायला जवळपास तेवढेच दिवस. ते सगळं पार पडेलच असं धरून चालू नका. कावळा, टकाचोर, भारद्वाज, मांजर, साप, सरडा यांना ते सहज सापडतं आणि अशी बरीच घरटी मध्येच रिकामी होतात. बुलबुल पुन्हा बांधतात, कधी त्याच झुडपात. वाईट वाटणारच, पण भारद्वाजालाही पिल्लं असतात.

घरट्याजवळ जाण्याबद्दल मी जरा कडक आहे. रोज डोकावू नका, पानं बाजूला करू नका, फोटोसाठी फांदी तर अजिबात छाटू नका. ती सावली पिल्लांचा जीव वाचवत असते, आणि तुम्ही वारंवार कुठे जाता हे कावळा तुमच्यापेक्षा बारकाईने पाहत असतो. रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवून नराला पुढे बोलावणंही टाळा. त्याला तो हद्दीत घुसलेला नर वाटतो आणि दिवसातला कामाचा वेळ तो नसलेल्या शत्रूला शोधण्यात घालवतो.

‘मागच्या अंगणात बसून कसलं आलंय संशोधन’ असं कुणी म्हणालं, तर दोन उदाहरणं द्या. मार्गारेट मोर्स नाइस या अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबस शहरात राहत होत्या. विद्यापीठात नोकरी नाही, घरात मुली वाढवायच्या. १९२८ पासून त्यांनी घराजवळच्या नदीकाठच्या पडीक जमिनीतल्या साँग स्पॅरो या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घातली आणि एकेक पक्षी वेगळा ओळखून वर्षानुवर्षं त्याचा माग ठेवला. हद्द, जोडी, आयुष्यमान यांवरचं त्यांचं काम १९३७ आणि १९४३ साली दोन भागांत प्रसिद्ध झालं आणि पक्ष्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात ते पायाभूत मानलं जातं. दुसरे आपले सालिम अली. नोकरी गेल्यावर १९३० मध्ये ते अलिबागजवळ किहीमला राहत होते, आणि तिथे घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीवर त्यांनी पावसाळाभर नजर ठेवली. नर घरटं अर्धवट बांधतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर ताब्यात घेते, नर ते पुरं करतो आणि लगेच पुढच्या मादीसाठी दुसरं बांधायला घेतो, हे त्यांनी तिथे बसून उलगडलं. दोघांकडेही साधनं बेताची होती. पक्षी मात्र रोजचेच होते, आणि त्यामुळेच ते जमलं.

रंगीत कडी घालायला प्रशिक्षण आणि परवानगी लागते, त्या वाटेला जाऊ नका. पण एखाद्याचं शेपटीतलं पीस तुटलेलं असतं, कुणाचं एक बोट नसतं, कुणाच्या डोक्यावर पांढरं पीस असतं. अशी एक खूण मिळाली की तो पक्षी कायमचा तुमच्या ओळखीचा.

वसंतात दुसरीही एक हालचाल चालू असते, ती जाणाऱ्यांची. हिवाळ्यात येणारे पाहुणे उत्तरेकडे निघतात. पांढऱ्या धोब्याचा गळा निघायच्या सुमारास काळा होत जातो. कुंपणावर शेपटी थरथरवणारा थिरथिरा, बारीकशा पर्णवटवट्या, लाल छातीचा माशीमार हे मार्च-एप्रिलमध्ये एकेक करून दिसेनासे होतात. जाण्याआधी ते झपाटल्यासारखे खातात आणि अंगात चरबी साठवतात, कारण पुढच्या प्रवासाचं इंधन तेच. जवळपास सावर, पांगारा किंवा पळस फुललेला असेल तर भोरड्यांचे थवे येतील. या मध्य आशियात वीण करणाऱ्या मैना. इथे फुलांतल्या मधावर तुटून पडतात आणि बाकीच्यांना हाकलून लावतात. फुललेल्या सावरीसमोर अर्धा तास बसलात तर कोण कुणाला घाबरतं याची पूर्ण उतरंड कळते.

पाहुणा आल्याचा पहिला दिवस लिहिणं सोपं आहे. शेवटचा दिवस मात्र तो उलटून आठवडा गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून रोज लिहा, चार ओळी का होईना: तारीख, वेळ, हवा, कोण दिसलं, काय करत होतं. ‘बुलबुल दिसला’ ही नोंद निरुपयोगी. ‘बुलबुल, चोचीत मुळं, बोगनवेलीकडे दोनदा’ ही नोंद पुढच्या वर्षी सोनं ठरेल. हवं तर तीच ‘ईबर्ड’वर टाका. २००२ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर जगभरातले लोक नोंदी देतात आणि अभ्यासक त्या वापरतात. आवाजावरून पक्षी ओळखणारी ॲप सोबतीला ठीक आहेत, पण शेवटचा शब्द त्यांना देऊ नका. दयाळाने दुसऱ्याची नक्कल केली की ॲप बिनदिक्कत न आलेल्या पक्ष्याचं नाव सांगतं.

दुर्बीण: ८ बाय ४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंप जास्त जाणवतो आणि दिसणारी चौकट आक्रसते. परसात दोन्ही नकोत. दुकानात तपासायची खरी गोष्ट म्हणजे किती जवळचं स्पष्ट दिसतं. दोन मीटरच्या आतलं दिसायला हवं, नाहीतर जास्वंदीवरचा शिंजीर धूसरच राहील. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी कड्या खाली फिरवून चष्म्यासकट पाहा. आणि वापरताना नजर पक्ष्यावरून हलवू नका, दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधणारा माणूस पानंच पाहत राहतो. अजून घेतली नसेल तर घाई नाही. परसातला पक्षी चार-पाच मीटरवर असतो. नुसत्या डोळ्यांनी वागणूक उत्तम दिसते.

दाण्यांबद्दल माझं मत: ठेवले नाहीत तरी चालेल, पाणी मात्र ठेवाच. दाण्यांवर चिमण्या, पारवे, होले येतील. दयाळ, शिंपी, शिंजीर, माशीमार यांना दाण्यांशी कर्तव्य नाही. वसंतात तर दाणे खाणाऱ्यांची पिल्लंही बहुतांशी अळ्या-किड्यांवर वाढतात. ठेवायचेच असतील तर थोडे, दिवसभरात संपतील एवढे, आणि जागा रोज साफ करा. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच या पक्ष्यांत एका परजीवीमुळे होणारा रोग पसरला आणि त्यांची संख्या झपाट्याने घटली. एकाच ठिकाणी गर्दीने खाणं-पिणं हे अशा रोगांच्या प्रसाराला पोषक असतं. पाव, खारवलेलं काही, बुरशी आलेलं धान्य नको. पक्षी वाढवायचे असतील तर कीटकनाशक बंद करा आणि पेरूखालचा पाला झाडून जाळू नका. दयाळाचं आणि सातभाईंचं जेवण त्या पाल्याखाली आहे.

पाण्यासाठी मातीचं पसरट भांडं घ्या. खोली बोटभर ते दोन इंच, त्याहून जास्त नाही, आणि मध्ये एक-दोन खडबडीत दगड, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतो. तळ गुळगुळीत असेल तर पक्षी काठावरून परत जातो. सावलीत ठेवा. दाट झुडपापासून दोन-तीन मीटर दूर, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही, पण पक्ष्याला पळून बसायला फांदी असेल. रोज घासून पाणी बदललंत तर डासांच्या अळ्या होणार नाहीत आणि रोगही नाही. तुमचा गळका नळ दुरुस्त करणार असाल तर थोडं थांबा असं म्हणणार होतो, पण त्याखाली हे भांडं ठेवा, तेवढं पुरे. थेंब पडण्याची हालचाल आणि आवाज पक्ष्यांना लांबून ओढतो. नव्या पक्ष्यांबद्दल विचारलं होतंत ना, ते बहुधा इथेच दिसतील, भर दुपारी, जेव्हा आपण आत असतो.

चिमण्यांसाठी लाकडी खोका लावायचा असेल तर भोक ३२ मिलिमीटरचं, खाली दांडी नको (तिचा उपयोग चिमणीला कमी, घरटं लुटणाऱ्याला जास्त), आत रंग नको, आणि दुपारचं ऊन थेट पडणारी भिंत नको.

मोठ्या खिडक्या असतील तर काचेत झाड आणि आभाळ दिसतं आणि पक्षी आदळतात. एकच ससाण्याचं चित्र चिकटवून उपयोग होत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या लावा. शिंजीर किंवा बुलबुल गाडीच्या आरशावर चोची मारताना दिसला, तर त्याला वेड लागलेलं नाही. प्रतिबिंबातला नर त्याच्या हद्दीत आलाय. आरशावर कापड टाका, तो आपल्या कामाला जाईल.

बसायचं कसं, तर स्थिर. कपड्यांच्या रंगापेक्षा हालचालीला पक्षी बिचकतात. तुम्ही आल्यावर दहा-पंधरा मिनिटं परस रिकामं वाटेल, कारण तुम्हीच तिथे धोका म्हणून आलेले असता. उठून जाणारे बहुतेक लोक नेमके याच वेळी उठतात.

एप्रिल-मेमध्ये एक प्रसंग हमखास येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. पेरूखाली आखूड शेपटीचं, नीट उडता न येणारं पिल्लू बसलेलं दिसेल. अंगावर पिसं असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, घरट्यातून बाहेर निघालेलं आहे. पालक त्याला जमिनीवर, झुडपात भरवतात, फक्त तुम्ही समोर उभे असताना येत नाहीत. मांजराला आत घ्या, पिल्लू उघड्यावर असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि घरात जाऊन खिडकीतून पाहा. अंगावर पिसंच नसलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर घरटं शोधून त्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत खोटी आहे. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरतं. रक्त दिसत असेल, पंख लोंबत असेल, मांजराने धरलेलं असेल, किंवा लांबून दोनेक तास पाहूनही पालक फिरकलेच नाहीत, तर झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर, अंधारात ठेवा आणि जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना फोन करा. मध्ये कुणालाही ते पाहायला उघडू देऊ नका, मुलांनाही.